गुडरीड्स, लायब्ररीथिंग आणि आपली मराठी पुस्तकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचलेल्या आणि घरातल्या पुस्तकांची नोंद ऑनलाइन ठेवू पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे, मग नोंदींमधले बारकावे आणि शेवटी अडचणीचे अपवाद. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तो मुद्दा तिथे सविस्तर मिळेल.

१. ही संकेतस्थळं नेमकी कशासाठी आहेत? इथे पुस्तक वाचायला मिळतं का?

पुस्तक वाचायला मिळत नाही. आपण काय वाचलं, काय वाचतोय, काय वाचायचंय आणि घरात काय आहे, याची यादी इथे ठेवायची असते. ती यादी इतरांच्या याद्यांना जोडलेली असते. म्हणजे तुमच्याकडच्या एखाद्या पुस्तकाच्या पानावर गेलात की ते आणखी कोणी वाचलंय, त्यांना कसं वाटलं आणि त्यांच्याकडे आणखी काय आहे, हे दिसतं. अपवाद इंटरनेट आर्काइव्हच्या ओपन लायब्ररीचा. तिथे नोंदीबरोबर काही पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही असतात.

गटांमध्ये जाऊन पीडीएफ मागू नका. मराठी प्रकाशक हजार-दोन हजार प्रती छापून त्या विकायला धडपडत असतात, त्यांच्या पोटावर पाय येतो.

२. गुडरीड्स, लायब्ररीथिंग, स्टोरीग्राफ यांतलं कुठलं निवडू?

तुम्हाला काय हवंय त्यावर ठरवा.

माणसं हवी असतील तर गुडरीड्स. ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी ते २००७ मध्ये सुरू केलं. ओळखीचे वाचक बहुधा तिथेच भेटतात आणि मराठी पुस्तकांवरचे अभिप्रायही तिथेच जास्त मिळतात.

नोंद काटेकोर हवी असेल तर लायब्ररीथिंग. टिम स्पाल्डिंग यांनी ते २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडहून सुरू केलं, म्हणजे ते गुडरीड्सच्याही आधीचं. जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचींतून ते पुस्तकाची माहिती आणू शकतं. मराठी वाचकांना याचा मोठा उपयोग आहे (प्र. ७). दिसायला ते जुन्या वळणाचं आहे, पण ज्यांच्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत त्यांनी आधी इथेच यावं असं माझं ठाम मत आहे.

आपल्या वाचनाचा आलेख पाहायची आवड असेल तर स्टोरीग्राफ. नादिया ओडुनायो यांनी ते २०१९ मध्ये लोकांपुढे आणलं. पुस्तकाचा मूड कसा, गती कशी, त्रासदायक प्रसंग आहेत का, अशा अंगांनी तिथे नोंद करता येते.

बुकवर्म नावाचा आणखी एक पर्याय आहे. त्याचा कारभार एका कंपनीच्या हाती नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर एकमेकांना जोडून ते चालतं. मराठी पुस्तकं तिथे फार कमी आहेत, त्यामुळे बहुतेक नोंदी तुम्हालाच कराव्या लागतील.

दोन ठिकाणी खातं ठेवायलाही हरकत नाही. घरातल्या पुस्तकांची सूची लायब्ररीथिंगवर आणि वाचनाच्या गप्पा गुडरीड्सवर, अशी वाटणी बरेच जण करतात.

३. पैसे भरावे लागतात का?

नाही. लायब्ररीथिंगवर पूर्वी २०० पुस्तकांपर्यंतच फुकट सोय होती, पण मार्च २०२० मध्ये ती मर्यादा उठली. स्टोरीग्राफची एक सशुल्क योजना आहे, पण रोजच्या नोंदींना तिची गरज पडत नाही.

४. गुडरीड्स ॲमेझॉनचं आहे, हे खरं का?

खरं आहे. ॲमेझॉनने ते २०१३ मध्ये विकत घेतलं. लायब्ररीथिंगमध्येही ॲमेझॉनचा अल्प हिस्सा आहे. अबेबुक्स या ऑनलाइन पुस्तकविक्री कंपनीकडे लायब्ररीथिंगचा काही भाग होता आणि २००८ मध्ये ॲमेझॉनने अबेबुक्सच घेतली. स्टोरीग्राफचा मात्र ॲमेझॉनशी संबंध नाही. कोणाची मालकी आपल्याला चालते हे ज्याने त्याने ठरवावं. मालक कोणीही असो, आपल्या यादीची प्रत आपल्याकडे हवी (प्र. २१).

५. घरात हजारभर पुस्तकं आहेत. सुरुवात कुठून करू?

एका फळीपासून. सगळी पुस्तकं खाली काढून ढीग घालू नका, त्या ढिगाला दोन दिवसांनी कंटाळाल. एक फळी रिकामी करा, पुसा, नोंदवा, परत लावा.

त्याआधी एक भेद मनात पक्का करा. 'वाचलेलं' आणि 'घरात असलेलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडरीड्सचे मूळ शेल्फ 'रीड', 'करंटली रीडिंग' आणि 'वाँट टू रीड' असे, म्हणजे वाचनाच्या बाजूने आहेत. मालकी दाखवायला तिथे वेगळा शेल्फ करावा लागतो. लायब्ररीथिंगवर 'युअर लायब्ररी' हा संग्रह मुळातच मालकीचा असतो. हा भेद न करता भराभर नोंदी केल्या, तर पुढे वाचनालयातून आणून वाचलेली आणि स्वतःची पुस्तकं वेगळी काढताना फार वेळ जातो.

६. मागचा बारकोड स्कॅन केला तर काहीच येत नाही, किंवा भलतंच पुस्तक येतं. असं का?

कारणं तीन-चार आहेत.

पहिलं, तो बारकोड आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचा, नसेल. आयएसबीएनचा बारकोड ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. भारतातल्या प्रकाशनांचे क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ असे दिसतात. दुसऱ्याच आकड्यांनी सुरू होणारी पट्टी दुकानदाराची किंवा वाचनालयाची असू शकते.

दुसरं, जुन्या पुस्तकावर दहा आकडी क्रमांक असेल. तेरा आकडी क्रमांक जानेवारी २००७ पासून आले. जुन्या क्रमांकाच्या पुढे नुसतं ९७८ लावून चालत नाही, कारण शेवटचा तपासणीचा आकडाही बदलतो. दहा आकडे जसेच्या तसे टाइप करा. शेवटी इंग्रजी 'एक्स' असेल तर तोही टाका, तो दहासाठी असतो.

तिसरं, छपाईची चूक. ती घरीच तपासता येते. तेरा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. जात नसेल तर क्रमांक चुकीचा छापला आहे किंवा तुम्ही वाचताना चुकला आहात.

चौथं, एकच क्रमांक दोन पुस्तकांना वापरला गेलेला असतो. अशा वेळी क्रमांकाचा नाद सोडून नावाने शोधा. क्रमांक जुळला म्हणून चुकीच्या पुस्तकाला आपली नोंद चिकटवू नका.

आणि कितीतरी चांगल्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नाहीच, जुन्यांना तर नाहीच नाही. म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही. त्यांची नोंद हाताने करायची, इतकंच (प्र. ८).

७. मराठी पुस्तक शोधलं तर सापडत नाही. ते तिथे नाहीच, असं समजू का?

लगेच समजू नका. मराठी पुस्तक तिथे तीन वेषांत असू शकतं : देवनागरीत, आपण मेसेज करताना लिहितो तशा रोमनमध्ये आणि ग्रंथालयांच्या शास्त्रीय रोमनमध्ये.

आधी देवनागरीत शोधा. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलून पाहा. मग रोमनमध्ये शोधा आणि तिथेही स्पेलिंग बदलून पाहा : 'आई'साठी कोणी दोन 'ए' लावतं, कोणी एक. एवढं करूनही नाही मिळालं तर लेखकाच्या नावाने जा आणि त्याच्या सगळ्या पुस्तकांची यादी चाळा.

तिसरा वेष फार थोड्यांना माहीत असतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे. तिथून भारतीय भाषांतली पुस्तकं नियमित खरेदी होतात आणि मराठीही त्यांत असतात. त्यामुळे घराजवळच्या वाचनालयाच्या ऑनलाइन सूचीत नसलेलं मराठी पुस्तक वॉशिंग्टनच्या सूचीत असण्याची बरीच शक्यता असते. लायब्ररीथिंगवर शोधाचा स्रोत म्हणून हे ग्रंथालय निवडता येतं. पण तिथली रोमन लिपी वेगळी असते. 'च' नुसत्या 'सी'ने लिहितात, 'श' खुणेच्या 'एस'ने, आणि आपण बोलताना गाळतो तो मधला 'अ'सुद्धा लिहितात. 'श्यामची' हा शब्द तिथे एस-वाय-ए-एम-ए-सी-आय असा शोधायचा. अक्षरांवरच्या खुणा टाइप कराव्या लागत नाहीत. ही पद्धत एकदा हाताला बसली की न सापडणारी कितीतरी पुस्तकं सापडू लागतात.

८. सगळं करून पाहिलं, पुस्तक नाहीच. नवी नोंद कशी करायची?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. मराठी पुस्तकाची पहिली नोंद करणारा माणूस पुढच्या सगळ्या वाचकांसाठी ती करत असतो. घाईत केलेली चुकीची नोंद वर्षानुवर्षं तशीच राहते आणि तिच्यावर अभिप्राय साचत जातात.

पुस्तक हातात घ्या आणि मुखपृष्ठ उलटून आतल्या शीर्षकपृष्ठावर या. नाव तिथलं घ्यायचं. मुखपृष्ठावर चित्रकार सजावटीसाठी नाव तोडतो, उपशीर्षक गाळतो. शीर्षक देवनागरीत, जसं छापलंय तसंच लिहा. बऱ्याच मराठी नोंदींत त्यापुढे चौकटी कंसात रोमन रूप दिलेलं असतं. परदेशातल्या मराठी मुलांना ज्या कळफलकावर देवनागरी येत नाही, त्यावरूनही पुस्तक शोधता यावं म्हणून ही पद्धत मला योग्य वाटते.

आता ते पान उलटा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्ती, किंमत असं सगळं असतं. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मुद्रकाचा पत्ता मोठा छापलेला असतो म्हणून त्यालाच प्रकाशक म्हणून टाकलं जातं. 'मुखपृष्ठ' या शब्दापुढचं नाव लेखकाच्या रकान्यात जातं. प्रस्तावना लिहिणारा मोठा साहित्यिक असला की तोच सहलेखक होऊन बसतो. या प्रत्येकाला वेगळी भूमिका देण्याची सोय नोंदीत असते, ती वापरा.

पृष्ठसंख्या मूळ मजकुराच्या शेवटच्या क्रमांकावरून घ्या. आपल्याकडे प्रस्तावनेच्या पानांना 'एक, दोन, तीन… सोळा' असे शब्दांत क्रमांक देतात. ती पानं बेरजेत धरू नका, हवं तर टिपेत लिहा. साल आणि पानं इंग्रजी आकड्यांत भरा. सालाबद्दल प्र. ९, आवृत्तीबद्दल प्र. १० पाहा.

मुखपृष्ठाचा फोटो दिवसाच्या उजेडात, पुस्तक सपाट ठेवून, बरोबर वरून काढा आणि कडेची चादर-टेबल कापून टाका. वाचनालयाचा शिक्का किंवा चिकटपट्टी असलेली प्रत शक्यतो टाळा.

गुडरीड्सवर तुमच्या खात्यात नवी नोंद करण्याची सोय दिसत नसेल तर तिथल्या ग्रंथपालांच्या गटात (प्र. १४) विनंती टाका. तिथे हीच सगळी माहिती मागतात, म्हणून आधी कागदावर लिहून घ्या. लायब्ररीथिंगवर आणि ओपन लायब्ररीवर स्वतःला नोंद करता येते.

९. पुस्तकावर फक्त शके दिलंय. साल काय लिहू?

शकात ७८ मिळवा. शके १८५० म्हणजे १९२८-२९. शालिवाहन वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल आणि दिवस १ जानेवारी किंवा त्यानंतरचा ठरत असेल तर ७९ मिळवावे लागतात. महिना दिला नसेल तर ७८ मिळवून येणारं साल लिहा आणि टिपेत मूळ शके नोंदवा.

सालच छापलेलं नसेल तर अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा ठेवा. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची एखाद्या मोठ्या ग्रंथालयात मिळाली तर तिच्यात पाहा. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी तिच्यात आहेत. संगणक नसताना हे काम उभं राहिलं, हे आपण नोंदी करायला बसल्यावर जास्त जाणवतं.

१०. एकाच पुस्तकाच्या वीस नोंदी दिसतात. मी कुठली निवडू?

तुमच्या हातात जी प्रत आहे ती. प्रकाशक, मुखपृष्ठ, साल जुळवून पाहा.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणून २०११ पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं आणि बरेच जण छापतात. या सगळ्या एका साहित्यकृतीच्या आवृत्त्या आहेत. नोंदी वेगळ्या असल्या तरी त्या आतून एकत्र जोडलेल्या हव्यात. तशा जोडल्या की अभिप्राय आणि तारे एकाच ठिकाणी दिसतात. जोडलेल्या नसतील तर प्र. १४ पाहा.

एक बारकावा. 'तिसरी आवृत्ती' आणि 'तिसरे पुनर्मुद्रण' यांत फरक आहे. मजकूर बदलला, वाढला, प्रस्तावना नवी आली, तर ती नवी आवृत्ती आणि तिला स्वतंत्र नोंद हवी. तोच मजकूर पुन्हा छापला तर वेगळ्या नोंदीची गरज नाही. पण आपल्याकडे पुष्कळ प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात. अशा वेळी पानं, मुखपृष्ठ आणि आयएसबीएन पाहून ठरवा. तिन्ही तेच असेल तर नवी नोंद करू नका.

११. लेखकाचं नाव कसं लिहू? आद्याक्षरं, टोपणनावं, एकाच नावाचे दोघं, असा सगळा गोंधळ आहे.

पुस्तकावर जे छापलंय ते लिहा, हा पहिला नियम.

आद्याक्षरांचा गुडरीड्सवरचा प्रघात असा : प्रत्येक अक्षरानंतर टिंब, दोन आद्याक्षरांमध्ये जागा नाही, आडनावाआधी जागा. म्हणजे 'पु.ल. देशपांडे'. 'पु. ल.', 'पुल', 'पुरुषोत्तम लक्ष्मण' अशी चार पानं तयार झाली की पुस्तकं चार ठिकाणी विखुरतात.

टोपणनाव बदलून खरं नाव घालण्याचा मोह टाळा. कवितांवर 'कुसुमाग्रज' आणि नाटकांवर 'वि. वा. शिरवाडकर' छापलेलं असतं. नोंदीतही तसंच राहू द्या. लायब्ररीथिंगवर एकाच व्यक्तीची दोन नावं एकमेकांशी जोडता येतात.

एकाच नावाचे दोन लेखक निघाले तर गुडरीड्स त्यांना वेगळं ठेवायला नाव आणि आडनाव यांमध्ये जास्तीच्या रिकाम्या जागा घालतं. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून एखाद्या कवीच्या पानावर अचानक शेतीची किंवा परीक्षेची पुस्तकं दिसली तर नवल नाही. दुरुस्तीची विनंती करा.

१२. अनुवादित पुस्तक कोणाच्या नावावर जातं?

मूळ लेखकाच्या. अनुवादकाचं नाव 'ट्रान्सलेटर' या भूमिकेने जोडायचं. कृपा करून ते गाळू नका. मराठीत अनुवादकाचं नाव आधीच लहान अक्षरांत छापलं जातं, आणि नोंदीतूनही गेलं तर त्यांच्या कामाचा माग काढणं अशक्य होतं.

अनुवाद ही मूळ कृतीची एक आवृत्ती धरली जाते. त्यामुळे मराठी अनुवादाच्या पानावर मूळ भाषेतल्या वाचकांचेच हजारो तारे दिसतात. अनुवाद कसा आहे हे त्यावरून कळत नाही. तुम्ही मराठी अनुवाद वाचला असेल तर अभिप्रायात तसं पहिल्याच ओळीत लिहा.

रूपांतराचं वेगळं. परक्या नाटकाची बेतलेली मराठी कृती, नावं-गावं बदलून आपल्या मातीत आणलेली, ही स्वतंत्र कृती मानतात. तिचा लेखक रूपांतरकार. 'स्वैर अनुवाद' असं छापलेलं असलं की पंचाईत होते. अशा वेळी पात्रं आणि स्थळं मूळचीच असतील तर अनुवाद धरा, बदलली असतील तर रूपांतर.

१३. दिवाळी अंकांची नोंद करता येते का?

गुडरीड्स नियतकालिकांसाठी नाही, तिथे ती नोंद काढून टाकली जाऊ शकते. लायब्ररीथिंगवर मात्र तुमच्या संग्रहात जे आहे ते नोंदवता येतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेल्या या परंपरेची नोंद घराघरांतून व्हायला हवी. बऱ्याच कथा-कादंबऱ्या आधी तिथेच छापून आल्या आहेत. शीर्षकात अंकाचं नाव, 'दिवाळी' आणि साल, लेखकाच्या जागी संपादक, आणि टिपेत महत्त्वाचा मजकूर लिहा.

१४. चुकीची नोंद दिसली तर दुरुस्त कोण करतं?

गुडरीड्सवर 'लायब्रेरियन' म्हणवले जाणारे स्वयंसेवक. हे वाचकच असतात. आपल्या शेल्फांवर किमान ५० पुस्तकं असली की त्यासाठी अर्ज करता येतो. तोवर ग्रंथपालांच्या गटात पुस्तकाचा दुवा, चूक काय आणि बरोबर काय, हे मुद्देसूद लिहा. शीर्षकपृष्ठाचा फोटो जोडलात तर काम लवकर होतं, कारण देवनागरी न वाचणाऱ्या स्वयंसेवकालाही जुळवून पाहता येतं.

लायब्ररीथिंगवर आवृत्त्या जोडणं किंवा वेगळ्या करणं हे काम सभासदच करतात. ओपन लायब्ररीवर खातं असलेला कोणीही दुरुस्ती करू शकतो. मराठी वाचकांनी या कामात यावं असं मनापासून वाटतं. आपली नावं आणि आडनावं आपल्यालाच ओळखू येतात, ते काम दुसरं कोणी करणार नाही.

१५. किती तारे द्यायचे हे कसं ठरवू?

गुडरीड्सवर प्रत्येक ताऱ्याला अर्थ दिलेला आहे. एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं, पाच म्हणजे अफाट. शाळेच्या गुणांप्रमाणे पाहिलं तर तीन तारे कमी वाटतात, पण इथे ती पसंतीच आहे. अर्धा तारा गुडरीड्सवर देता येत नाही. लायब्ररीथिंगवर अर्धा आणि स्टोरीग्राफवर पाव ताराही देता येतो. तारे न देता नुसतं 'वाचलं' अशी नोंद करणंही पूर्ण योग्य आहे.

१६. सरासरीवर विश्वास ठेवून पुस्तक घ्यावं का?

मराठी पुस्तकांच्या बाबतीत नको. दहा जणांनी पाच तारे दिलेल्या पुस्तकाला अकराव्याने एक तारा दिला की ५.०० ची सरासरी ४.६४ होते. इतक्या थोड्या मतांवरून काही ठरत नाही. शिवाय त्या दहांत लेखकाचे स्नेही किती, हे कळत नाही. त्यापेक्षा तुमच्यासारखी आवड असलेले दोन-तीन वाचक शोधा आणि त्यांचं वाचन पाहत राहा.

पुस्तक न वाचता ठरवून एक-एक तारा देण्याचे प्रकारही होतात. असा ओघ दिसला की त्या पुस्तकावर मत देणं तात्पुरतं थांबवण्याची सोय गुडरीड्सने २०२३ मध्ये आणली.

१७. अभिप्राय मराठीत लिहिला तर चालेल का?

चालेल, लिहाच. मराठी पुस्तक वाचू शकणाऱ्याला मराठी अभिप्रायही वाचता येतो. फक्त मजकूर युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कथेचा शेवट सांगायचा असेल तर स्पॉयलर लपवण्याची खूण वापरा. आवडलेली कविता पूर्ण उतरवू नका, चार ओळी पुरे. हक्काचं कारण प्र. १० मध्ये आलंच आहे.

१८. लेखक ओळखीचे आहेत. 'पाच तारे दे' म्हणतात. काय करू?

हा प्रश्न फार येतो, कारण मराठी साहित्याचं जग लहान आहे. प्रकाशन समारंभात भेटणारे, भेटप्रत देणारे, व्हॉट्सॲपवर विचारणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. पुस्तक वाचलं नसेल तर मत देऊ नका, 'वाचून लिहिते' म्हणा आणि खरंच वाचा. वाचून आवडलं नसेल तर तारे न देता पुस्तकात काय आहे ते चार वाक्यांत नीट लिहा. तेही लेखकाच्या उपयोगाचं असतं. भेटप्रत मिळाली असेल तर अभिप्रायात तसं नमूद करा. खोटे पाच तारे शेवटी त्या लेखकाच्याच खऱ्या वाचकांना दूर ढकलतात.

१९. अर्धवट सोडलेलं, पुन्हा वाचलेलं, ऐकलेलं पुस्तक कसं नोंदवू?

अर्धवट सोडलेल्यासाठी गुडरीड्सवर 'एक्स्क्लुझिव्ह' प्रकारचा वेगळा शेल्फ करता येतो, म्हणजे ते पुस्तक 'वाचलेलं' मध्ये मोजलं जात नाही. स्टोरीग्राफवर ही सोय तयारच आहे. पुन्हा वाचलं तर त्याच नोंदीत नवी तारीख घाला, नवी नोंद नको. ऐकलेल्यासाठी ऑडिओची आवृत्ती निवडा. छापील निवडलीत तर वर्षाच्या पानांच्या हिशेबात न वाचलेली पानं येतात. वाचक-कलाकाराचं नाव 'नॅरेटर' म्हणून जोडा.

२०. माझी यादी सगळ्यांना दिसते का? उसनं दिलेलं कुठे लिहू?

सेटिंगमध्ये खातं खाजगी करता येतं. तरी अभिप्रायात घराचा पत्ता, दुर्मिळ प्रतीची किंमत, मुलांच्या शाळेचं नाव असं काही लिहू नका.

उसनवारीसाठी लायब्ररीथिंगवर स्वतंत्र सोय आहे : कोणाला, कधी, परत आलं का. गुडरीड्सवर फक्त तुम्हालाच दिसणाऱ्या खाजगी टिपेत लिहा. 'अमक्याने दोन वर्षं परत केलं नाही' हे उघड अभिप्रायात लिहून मैत्री घालवू नका.

२१. संकेतस्थळ बंद पडलं तर माझी यादी जाईल का?

जाऊ शकते. शेल्फारी नावाचं असंच लोकप्रिय ठिकाण ॲमेझॉनने २००८ मध्ये घेतलं आणि २०१६ मध्ये गुडरीड्समध्ये विलीन करून बंद केलं. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी यादी उतरवून घ्या. गुडरीड्सवर संगणकावरून 'माय बुक्स' आणि मग 'इंपोर्ट अँड एक्सपोर्ट'. लायब्ररीथिंगवरही एक्सपोर्टची सोय आहे.

उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या 'डेटा' विभागातून ती आत घ्या आणि यूटीएफ-८ निवडा, किंवा गूगल शीट्समध्ये उघडा. खुणा दिसत असताना 'सेव्ह' दाबू नका, तसं केलं तर मात्र मराठी खरंच जाते.

हीच फाइल स्टोरीग्राफला दिली की तिथे यादी तयार होते. आयएसबीएन नसलेल्या मराठी पुस्तकांवर नंतर एकदा नजर टाका, नावसाधर्म्यामुळे ती भलत्या पुस्तकाला जोडली जाऊ शकतात.

२२. आमच्या सोसायटीचं छोटं वाचनालय आहे. हेच वापरता येईल का?

येईल. लायब्ररीथिंगचीच टायनीकॅट नावाची सेवा छोट्या ग्रंथालयांसाठी आहे. २०,००० पर्यंत नोंदी तिच्यात बसतात, सभासद आणि देवघेव सांभाळता येते. संस्थांना शुल्क पडतं, ते आधी पाहून घ्या. वाचनालयाचं खातं एका माणसाच्या खाजगी ईमेलवर उघडू नका. सचिव बदलला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

२३. वडील गेले. त्यांच्या पुस्तकांची यादी करायची आहे. माझ्या खात्यात करू का?

नको, वेगळं खातं किंवा लायब्ररीथिंगवर वेगळा संग्रह करा. तुमचं वाचन आणि त्यांचं वाचन मिसळलं की नंतर वेगळं करता येत नाही. लायब्ररीथिंगवर 'लेगसी लायब्ररीज' नावाचा विभाग आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यासारख्या दिवंगतांचे संग्रह तिथे सभासदांनी पुस्तकागणिक नोंदवले आहेत. ते पाहिलं की अशा यादीत काय काय लिहायचं याचा अंदाज येतो.

या यादीत प्रतीच्या खुणा जास्त महत्त्वाच्या असतात. पहिल्या पानावरची सही, 'सप्रेम भेट' कोणाकडून, खरेदीची तारीख आणि गाव, जुन्या दुकानाचा शिक्का, समासातल्या टिपा, मध्ये ठेवलेलं पोस्टकार्ड किंवा तिकीट. हे सगळं टिपेत जसंच्या तसं उतरवा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मधले कागद काढून वेगळे करणार असाल तर ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर होते ते कागदाच्या मागे पेन्सिलने लिहा. त्यांना जे पुस्तक आवडलं असेल असं तुम्हाला वाटतं त्याला तुमच्या मनाने तारे देऊ नका.

आणि रद्दीवाल्याला किंवा वाचनालयाला काहीही देण्याआधी यादी पूर्ण करा. मग प्र. २१ प्रमाणे फाइल उतरवून भावंडांना पाठवा, कोणाला कुठलं पुस्तक हवंय ते त्यांना खुणा करून कळवू द्या, आणि उरलेली पुस्तकं कुठे द्यायची ते त्यानंतर ठरवा.